बारपूजेचे भाकीत

देवाला फुटबॉलमधले काही कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी कोलकात्याच्या मैदानातल्या दोन क्लबांचा पुरोहित आहे. पहिल्या वैशाखाला, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, इथला प्रत्येक क्लब आपल्या गोलपोस्टची पूजा करतो. आडव्या बारला झेंडूच्या माळा, खांबांना शेंदूर, खाली आंब्याच्या पानांचा घट आणि घटाशेजारी नवा चेंडू. या बारपूजेला मंत्र दुर्गेचे म्हणायचे की विश्वकर्म्याचे, याबद्दल शास्त्रे गप्प आहेत. शास्त्रे लिहिणाऱ्यांनी ऑफसाइडचाही विचार केला नव्हता, तेव्हा त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मी थोडे इकडचे म्हणतो, थोडे तिकडचे म्हणतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

माझे दोन्ही क्लब शेजारी. जोडापुकुर स्पोर्टिंग आणि तेलकल युनियन. मैदान एकच, तंबू दोन (क्लबाच्या पत्र्याच्या बैठ्या घराला इथे तंबूच म्हणतात), मध्ये एक मोडके कुंपण आणि पिढीजात वैर. जोडापुकुरची पूजा मी सूर्योदयाला करतो, उत्तरेच्या गोलची. तेलकलची त्यानंतर नऊच्या सुमारास, दक्षिणेच्या. तेलकलच्या सेक्रेटरी मिनती-दी पाल यांनी एकदा मला विचारले होते, की हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात, म्हणजे आम्ही पूजलेल्या गोलसमोर शत्रूचा गोलकीपर उभा राहणार, मग देवी राखणार कुणाला? मी म्हटले, हाफटाइमला देवीही चहा प्यायला जाते. त्यावर त्या म्हणाल्या, "परत येताना तंबू चुकत नाही ना, एवढं बघा." मिनती-दींशी बोलताना शेवटचा शब्द आपला असावा अशी हौस मी कधीच सोडून दिली आहे.

पूजा झाली की पुरोहिताने येत्या हंगामाचे भाकीत सांगायचे, अशी दोन्हीकडे प्रथा. मी दोन्हीकडे एकच सांगत आलो: यंदा वर चढणार. दोघेही चौथ्या डिव्हिजनमध्ये वर्षानुवर्षे तळाशी चिकटून होते, पण नववर्षाच्या सकाळी हातात संदेशाची मिठाई आणि समोर नारळ असताना माणसाला खरे बोलणारा भटजी नको असतो. खरे भाकीत मी तंबूच्या कँटीनमध्ये सांगायचो, तेही फक्त हाबुल-दाला. त्यासाठी मला पंचांग लागत नाही. चैत्रात सराव सुरू झाला की मी एक दिवस बाकावर बसून बघतो. बचावातल्या खेळाडूचे पोट कितपत पुढे आलेय, कुणाचे नुकतेच लग्न झालेय, कोण वाकून बूट बांधतो आणि कोण दुसऱ्याकडून बांधून घेतो. एवढ्यावर मी संघ कितवा येणार ते सांगतो आणि सहसा चुकत नाही. माझ्या पूजेपेक्षा माझी नजर देवाला जास्त मानवते म्हणायची.

त्या वर्षीही मी चैत्रात बघून आलो आणि टोस्ट-स्टू खाता खाता हाबुल-दाला सांगितले, "शेवटचा नंबर. यंदा तुम्ही खाली जाणार."

हाबुल-दा म्हणजे नीलरतन सामंत, जोडापुकुरचा सेक्रेटरी. ट्राममधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. लग्न केले नाही, कारण मुहूर्तांच्या दिवशी नेमके सामने असायचे. भावाच्या घरात त्याची एक खोली होती. पुतण्याचे लग्न झाले तेव्हा ती खोली गेली आणि हाबुल-दा 'चार दिवसांसाठी' म्हणून ट्रंक घेऊन तंबूत आला. जर्सींच्या कपाटामागे त्याने खाट टाकली. ते चार दिवस अजून संपलेले नव्हते. कुणी विचारले तर तो सांगे, चोरांचा उपद्रव वाढलाय, रात्री कुणीतरी राहायला हवे. त्या तंबूत चोरण्यासारखी एकच वस्तू होती, ती म्हणजे हाबुल-दाची मच्छरदाणी.

माझे ऐकून त्याने टोस्ट खाली ठेवला. "बघ ना जरा नीट," तो म्हणाला, जणू मी दुसऱ्यांदा बघितले तर गदाईला पळता येईल. गदाई हा त्यांचा स्ट्रायकर. रविवारी उपनगरात बक्षिसाचे सामने खेळायला जायचा, तिथे तीन-तीन गोल करून बोकड जिंकून आणायचा, आणि सोमवारी क्लबसाठी उभे राहायचे तर त्याचे पाय दुखायचे. मैदानात याला खेप मारणे म्हणतात. खेप मारणारा खेळाडू आणि परगावी नांदणारी सून, दोघांवर घर चालत नाही.

इथवर नेहमीचेच होते. घोटाळा केला तो साहाबाबूंनी.

विश्वंभर साहा हे जोडापुकुरचे अध्यक्ष. मिठाईचे मोठे दुकान. फुटबॉलमधले त्यांना एवढेच कळे की चेंडू गोल असतो. गोलकीपर एकटाच मागे का उभा असतो, त्याला काही शिक्षा झालीय का, असे त्यांनी एकदा मला हळूच विचारले होते. अध्यक्ष ते झाले ते तंबूत स्वतःचा मोठा फोटो लागावा म्हणून, आणि तो लागला होता. संघाचा सगळा खर्च त्यांच्या रसगुल्ल्यांतून निघायचा. पण त्या वर्षी दुकानात गिऱ्हाइके चिडवू लागली होती, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांच्या जावयाने नवा केटरिंगचा धंदा काढला होता. त्याला भटारखान्यासाठी जागा हवी होती. तंबू त्याच्या डोळ्यांत भरला होता.

बारपूजेच्या सकाळी सगळे उत्तरेच्या गोलभोवती जमले. मी मंत्र आटोपले, नारळ फुटला, आणि मी नेहमीचे वाक्य म्हणायला तोंड उघडले, तोच साहाबाबूंनी हात वर केला. शांतपणे त्यांनी सांगितले की आता पुरे झाले. हा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार असेल तर त्यांना एक रुपयाही घालायचा नाही. संघ बंद, तंबू जावयाला. जाणार नसेल तर हा हंगाम ते चालवतील, मात्र खाली गेला तर त्याच दिवशी कुलूप.

"तेव्हा ठाकूरमशाय," ते मला म्हणाले, "यंदा नुसतं भाकीत नको. जानव्याला हात लावून सांगा."

मी काही फार धर्मनिष्ठ माणूस नाही. एकादशीला मी मासळी खातो आणि संध्या कधी करतो, कधी करत नाही. पण जानवे वडिलांनी घातलेले आहे, आणि त्यावर हात ठेवून मी तोवर खोटे बोललो नव्हतो, कारण तशी वेळच कुणी आणली नव्हती. मी हाबुल-दाकडे पाहिले. हातात फुटलेल्या नारळाच्या दोन वाट्या धरून तो उभा होता. त्यातले पाणी त्याच्या धोतरावर सांडत होते आणि त्याला पत्ता नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता. तंबूकडे बघत होता.

मी जानवे बोटांत धरले आणि म्हणालो, "जोडापुकुर यंदा खाली जाणार नाही."

साहाबाबूंनी समाधानाने चेंडूला लाथ मारली. चेंडू जागेवरच राहिला आणि चप्पल गोलमध्ये गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर कपाटामागच्या खाटेवर बसून हाबुल-दा माझ्यावरच डाफरला. म्हणाला, असे करायला नको होते, ब्राह्मणाने शपथ मोडली की सात पिढ्यांना भोगावे लागते. मी म्हटले, माझी मुलगी बंगळुरूला आहे आणि तिला जानव्याचा हिशेब ठाऊक नाही, तेव्हा प्रकरण माझ्यापाशीच मिटेल. असे म्हटले खरे, पण त्या दिवसापासून माझ्या पाठीवर, बरोबर जानवे रुळते तिथे, खाज सुटली. डॉक्टर म्हणाले घामोळे आहे. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली नव्हती.

मग मी एक गोष्ट केली जी कुठल्याही पुरोहिताने केली नसेल. भाकीत खरे व्हावे म्हणून मी देवाची वाट न बघता स्वतः कामाला लागलो. रोज सकाळी सरावाला हजर. गदाईने खेप मारायला जाऊ नये म्हणून त्याच्या आईला जाऊन सांगितले की रविवारी त्याला पाण्यापासून भय आहे, नदी ओलांडू देऊ नका. तो बसने पुलावरून जाऊ लागला. बचावातल्या पोटवाल्याला शनिवारचा उपास लावला. तो शनिवारी फळे खाई, नारळ खाई, साबुदाणा खाई, आणि त्याचे वजन वाढले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हंगाम सुरू झाला, मैदानाचा चिखल झाला, आणि जोडापुकुर माझ्या चैत्रातल्या नजरेबरहुकूम हरत गेले.

गंमत अशी, की तेलकलही हरत होते. त्यांना मी जानव्याशिवाय 'वर चढणार' सांगितले होते, ते नेहमीप्रमाणे वाया गेले. तिसरे रडके होते बोसपुकुर अॅथलेटिक. खाली एकच संघ जाणार होता. बोसपुकुरचे सगळे सामने संपले, आणि शेवटचा सामना उरला तो आपल्या या दोन शेजाऱ्यांचा. गणित सरळ होते. एक हरला तर हरणारा खाली. पण बरोबरी झाली तर दोघांनाही एकेक गुण, दोघेही तरले, आणि बोसपुकुर खाली.

हे गणित मला स्टूच्या वाटीत बटाटा बुडवताना सुचले. मी वाटी तशीच ठेवली आणि कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेलो.

मिनती-दी तेलकलच्या कँटीनमध्ये कांदे चिरत होत्या. नवरा सेक्रेटरी होता, तो गेला, आणि त्या जागेवर बसायला कुणी पुढे येईना म्हणून याच बसल्या. खेळाडूंना जेवू त्याच घालत, शिव्याही त्याच घालत. मी आडवळणाने सुरुवात केली. शेजारधर्म, दोन्ही क्लबांची परंपरा, देवीची दोघांवर सारखी कृपा.

"गटअप करायला आलात," त्या म्हणाल्या. मैदानात आधीच ठरवलेल्या सामन्याला गटअप म्हणतात.

"अगदी तसंच नाही."

"मग कसं? ठाकूरमशाय, कांद्यानं डोळे आधीच भरलेत, त्यात परंपरा नका ओतू. बरोबरी मलाही हवीय. पण मला शब्द हाबुलबाबूंनी स्वतः द्यायचा. तुमच्या शब्दाचं काय, तुम्ही तर आम्हालाही वर चढवलं होतं."

अडचण अशी, की हाबुल-दा आणि मिनती-दी एकमेकांशी बोलत नव्हते. कुणाच्या बकऱ्यांनी कुणाच्या बाजूचे गवत खाल्ले, यावरून सुरू झालेले भांडण होते ते, आणि त्यातल्या बकऱ्या कधीच मरून गेल्या होत्या. मी हाबुल-दाला अक्षरशः ढकलत कुंपणापाशी नेले. तो खाली बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "एकही गोल नाही. आमच्याकडून नाही. माझा शब्द."

"आणि झालाच तर?"

"झालाच तर दुसरा होऊ देऊ. ज्याचा झाला त्यानं होऊ द्यायचा."

"ठरलं," मिनती-दी म्हणाल्या. मग जरा थांबून, "वाळलात हो तुम्ही. जेवता की नाही?" हाबुल-दा परत फिरला. पण त्या दुपारी कुंपणाच्या भोकातून एक डबा आला.

सामन्याच्या दिवशी साहाबाबू जावयाला घेऊन आले. त्यांना ठरलेले काही माहीत नव्हते, आणि सांगण्यात अर्थ नव्हता, कारण आधी सामना म्हणजे काय ते सांगावे लागले असते. ते खुर्चीवर बसले. जावई टेप घेऊन तंबूची मापे काढू लागला. हाबुल-दा त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

पहिला अर्धा भाग फार सुंदर झाला. चेंडू मध्यभागीच इकडून तिकडे फिरत राहिला, जसा लग्नात आहेराचा लिफाफा फिरतो. दोन्ही गोलकीपर खांबाला टेकून उभे. प्रेक्षक थोडेच होते, त्यांतले निम्मे झोपले. रेफ्रीने दोनदा घड्याळ कानाला लावून बघितले. बाजू बदलल्या. आता जोडापुकुर दक्षिणेचा गोल राखणार आणि उत्तरेकडे चढाई करणार. माझ्या पाठीची खाज पहिल्यांदाच थांबली होती.

आणि मग तेलकलच्या बुधन हेम्ब्रमने घात केला. बुधन त्यांचा बचावातला खेळाडू, बैलासारखा ताकदवान आणि तितकाच निरागस. कंटाळून त्याने आपल्याच अर्ध्यातून चेंडू एकदा जोरात हाणला, दूर जावा एवढ्याच हेतूने. जोडापुकुरचा गोलकीपर त्या वेळी बाजूला उभ्या असलेल्या मेव्हण्याशी बोलत होता. चेंडू चिखलात एकदा आपटला, वळला आणि शांतपणे रिकाम्या गोलमध्ये गेला.

कुणीही ओरडले नाही. बुधनने दोन्ही हातांनी डोके धरले. त्याचे साथीदार धावत आले, पण मिठी मारायला नव्हे. कर्णधाराने त्याला जी शिवी दिली ती मी पुरोहित असल्याने इथे लिहीत नाही. रेफ्री शिट्टी तोंडात धरून दोन्हीकडे बघत राहिला, गोल करणारे रडताहेत आणि खाणारे त्यांना समजावताहेत असे त्याने आयुष्यात पाहिले नसावे. साहाबाबूंनी मला विचारले, "आपण जिंकतोय का?" मी म्हटले, अजून वेळ आहे.

मिनती-दी शब्दाला पक्क्या. त्यांनी कडेला उभे राहून पदर कमरेला खोचला, आणि तो इशारा समजून तेलकलचा बचाव बाजूला झाला. गदाईसमोर रस्ता असा मोकळा झाला, जसा मंत्र्याच्या गाडीला होतो. तो धावला, त्याने मारला, आणि चेंडू मैदानाच्या कडेला चरणाऱ्या पोलिसी घोड्याच्या पुठ्ठ्याला लागला. पुन्हा चेंडू त्याला दिला गेला. या वेळी तेलकलचा गोलकीपर बुटाची नाडी बांधायला खाली बसला होता. गदाईने त्याला बसलेला पाहिला, विचारात पडला, आणि चेंडूवर पाय ठेवून घसरला. तिसऱ्या वेळी तेलकलच्याच एकाने त्याला चेंडू पुढे करून दिला, लहान मुलाला घास भरवावा तसा. तो बाहेर गेला. तळाशी असलेले संघ उगीच तळाशी नसतात. गोल खाणे त्यांना येते, गोल करणे येत नाही, आणि हे मी चैत्रातच सांगितले होते.

वेळ संपत आली. तेव्हा बुधनने प्रायश्चित्त घेतले. आपल्या गोलपुढे आलेला एक साधा चेंडू त्याने दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी धरून उभा राहिला, रेफ्रीला दुसरा काही विचार करायला जागाच ठेवली नाही. पेनल्टी.

आता जग सोपे झाले होते. तेलकलचा गोलकीपर पुढे येऊन गदाईच्या कानात सांगून गेला की मी उजवीकडे झेपावणार. गदाई चेंडू ठेवून मागे आला, आणि कडेला हाबुल-दापाशी येऊन म्हणाला, "दादा, दुसऱ्या कुणाला सांगा. माझ्यानं नाही होणार."

"का रे?"

"मोकळा गोल बघितला की मला भीती वाटते. चुकलं तर सांगायला काही राहत नाही ना."

हाबुल-दाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटले आता तो त्याला सांगणार, बाबा रे, माझी खाट आहे त्या तंबूत. पण तो फक्त म्हणाला, "मार तू. मी बघत नाही." आणि खरोखरच डोळे मिटून उभा राहिला.

गोलकीपर शब्दाप्रमाणे उजवीकडे पडला, जरा आधीच पडला. गदाईने डावीकडे मारला. मारला बरा, हे कबूल केले पाहिजे. चेंडू वर गेला, बारवर आदळला, आणि इतक्या जोराने परत आला की मध्यरेषेपाशी जाऊन थांबला. उत्तरेचा गोल. माझा बार. पहिल्या वैशाखाला याच बारखाली मी संकल्प सोडला होता, या गोलमध्ये चेंडू न जावो. आयुष्यात पहिल्यांदा माझी पूजा फळाला आली होती, आणि आली ती अशी. रेफ्रीने शिट्टी वाजवली. जोडापुकुर खाली गेले.

हाबुल-दाने डोळे उघडले ते आवाजावरूनच सगळे समजून. मिनती-दी कुंपण ओलांडून, सगळ्यांच्या देखत, त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या जिंकल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्या दिवशी कांदे नव्हते.

साहाबाबूंना निकाल जावयाने समजावला. ते उठून माझ्यासमोर आले. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या छातीवरच्या जानव्याकडे बोट दाखवले.

मी काही बोलणार तोच हाबुल-दा मध्ये आला. "त्यांना बोलू नका," तो म्हणाला. "त्यांनी मला चैत्रातच सांगितलं होतं, शेवटचा नंबर म्हणून. खोटं बोलले ते माझ्यासाठी. मी तंबूत राहतो, साहाबाबू. चोरांसाठी नाही. मला दुसरीकडे घर नाही."

साहाबाबू माणूस म्हणून वाईट नव्हते. पण शब्द दिलेला होता, जावई टेप गुंडाळत जवळ आला होता, आणि घरी मुलगी वाट बघत होती. ते हळूच म्हणाले, "मला आधी सांगायला हवं होतं," आणि खिशात कुलूप चाचपू लागले. कुलूप ते बरोबर घेऊनच आले होते.

मला राग आला. स्वतःचा नाही, देवाचाही नाही, त्या टेपचा आला. आणि रागात माझी बुद्धी चालते.

"साहाबाबू," मी म्हणालो, "खोटं मी बोललो, ते खरं. पण कुणाच्या पूजेत बोललो? त्या पूजेचा यजमान कोण होता?"

ते थबकले. "मी."

"शपथ घ्यायला कुणी लावली?"

"मी."

"पूजेचं फळ यजमानाला मिळतं. मग पाप काय एकट्या भटजीला? निम्मं तुमच्या नावावर चढलंय. त्यात आज त्याच देवस्थानाला कुलूप लावून तिथे कोंबड्या शिजवणार. मी आपला माझं भोगीन, मला सवय आहे. तुमचं तुम्ही बघा."

असे कुठल्याही शास्त्रात नाही. नसले तरी असायला हरकत नव्हती. साहाबाबूंच्या कपाळाला घाम आला. यावर उपाय काय, असे त्यांनी विचारले. मी डोळे मिटून जरा वेळ लावला आणि सांगितले, की मोडलेली शपथ जिथे मोडली तिथेच पुरी करावी लागते. पुढच्या वर्षी पुन्हा बारपूजा, पुन्हा संघ, पुन्हा पूर्ण हंगाम. मध्ये खंड नाही.

साहाबाबू मिठाईवाले, म्हणजे शेवटी व्यापारी. त्यांनी विचार केला आणि अडचण काढली. "आणि पुढच्या वर्षीही खाली गेले तर? पाप दुप्पट होणार. तसं नको. आत्ताच सांगा, पुढच्या वर्षी खाली जाणार नाहीत ना? हात लावून सांगा."

हाबुल-दा माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवू लागला, नको, नको. मिनती-दींनी अचानक पदर तोंडावर धरला आणि त्यांना खोकला लागला. माझ्याखेरीज फक्त त्यांच्याच लक्षात आले होते. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर खेळ तिथेच संपला असता. त्या खोकत राहिल्या.

मी जानवे बोटांत धरले. पाठीला या वेळी खाज आली नाही.

"जोडापुकुर पुढच्या वर्षी खाली जाणार नाही," मी म्हणालो. "त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी जिवंत आहे तोवर कधीच नाही."

साहाबाबूंनी मला वाकून नमस्कार केला. जावयाला म्हणाले, तुझ्या भटारखान्यासाठी दुसरीकडे जागा बघू, इथे देवाचे काम आहे. दोघे गाडीत बसून गेले.

गाडी नजरेआड झाली तरी हाबुल-दा माझ्यावर संतापलेलाच होता. "पुन्हा? पुन्हा खोटी शपथ? हा संघ पुढच्या वर्षी तरी कुणाला हरवणार आहे का?"

"एकालाही नाही," मी म्हटले. "शेवटचेच येणार. मला आत्ताच दिसतंय."

"मग?"

"कितव्या डिव्हिजनमध्ये गेलात?"

"पाचव्या."

"तिच्या खाली कोणती?"

त्याने बोटे मोजली. पाचव्या बोटापाशी येऊन थांबला, पुढे मोजायला दुसरा हात वर केला, आणि तसाच धरून राहिला. पाचवीच्या खाली डिव्हिजन नाही. तिच्या खाली घोड्यांचे गवत आहे. आयुष्यभर हा माणूस पडायच्या भीतीने झोपला नव्हता, आणि आता पडायला जागाच उरली नव्हती. तो हसला नाही. नाक ओढत तंबूत गेला. सकाळीच भरून ठेवलेली ट्रंक उघडल्याचा आवाज आला, मग मच्छरदाणीची दोरी खिळ्याला बांधल्याचा.

मिनती-दी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "आता आमचं सांगा. पुढच्या वर्षी आमचं काय? वर चढवू नका, खरं सांगा."

मी बुधनकडे बघितले, त्यांच्या गोलकीपरकडे बघितले. तो अजूनही बुटाची नाडी सोडवत होता. "खाली," मी म्हटले. "शेवटचा नंबर."

तंबूतून, कपाटामागून हाबुल-दाचा आवाज आला.

"या म्हणावं. खाली जागा भरपूर आहे."